कपबशीवर दाखव

मिलिंद गेल्याचा निरोप ग्रुपवर आला तेव्हा माझा विश्वास बसला नाही. आमच्या हौशी गेम सर्व्हरवाल्यांच्या जगात काम अंगाशी आलं की माणूस ‘मरतो’. कुणीतरी त्याचा भाऊ म्हणून निरोप टाकतो आणि काही दिवसांनी मयत नवं नाव घेऊन खेळायला हजर. दुधाने तोंड पोळलेली मंडळी आम्ही. निरोपाखाली पहिला प्रश्न पडला, ‘प्रूफ?’ मी सरळ बरकतपुऱ्याला त्याच्या घरी, वहिनींना फोन लावला. “हौ भाऊ, खरं आहे,” त्या म्हणाल्या. “सकाळी छातीत दुखलं… दवाखान्यात नेईपर्यंत संपलं.”

मिलिंद मूळचा नांदेडकडचा, नोकरी बँकेत, आणि जीव त्या सर्व्हरमध्ये. सर्व्हर म्हणजे सगळ्या खेळाडूंच्या चाली सांभाळणारा संगणक. त्याचा प्रोग्राम आम्ही फावल्या वेळात लिहायचो. या छंदात काम कमी आणि शब्द फार. खेळ जरा अडकला की पोरं ‘डीडॉस’ म्हणून ओरडायची, म्हणजे कुणीतरी मुद्दाम गर्दी पाठवून सर्व्हर बंद पाडतंय. रविवारी नामपल्लीच्या इराणी हॉटेलात आम्ही जमलो की मिलिंद बोलणाऱ्यापुढे कपबशी सरकवायचा. “बडे बातां नक्को. कपावर दाखव.” कप म्हणजे सर्व्हर, बिस्किटं म्हणजे खेळाडू. गर्दी कुठून आली, कशी आली, ते मांडून दाखवायचं. बहुतेक वेळा दोन बिस्किटं मांडल्यावर कळायचं की हल्ला वगैरे काही नाही, याच्याच घरचं इंटरनेट मंद आहे. मिलिंद तोंडाळ होता, जिंकल्यावर फार हसायचा. लोक दुखावले जायचे, पण पुढच्या रविवारी यायचे.

मग विक्रांतचं प्रकरण झालं. हा पुण्याहून आलेला, मोठ्या कंपनीतला. खेळात लबाडी करताना सापडला म्हणून मिलिंदने त्याला बाहेर काढलं, आणि त्याच संध्याकाळी विक्रांतने सगळीकडे लिहिलं, ‘मिलिंदच्या सर्व्हरमध्ये बॅकडोर आहे.’ अर्थ कुणी विचारला नाही; शब्दच एवढा काळाकुट्ट की माणसं पांगली. मिलिंदने त्याला नामपल्लीला बोलावलं. तो आला नाही. मी मात्र सगळा कोड स्वतः वाचून काढला, कारण माझा मित्रावरसुद्धा विश्वास बसतो तो वाचल्यावरच. लपवलेलं काहीही नव्हतं.

मिलिंदच्या घरी पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, विक्रांत पांढरा शर्ट घालून आला आणि ‘आमचा आधारस्तंभ’ म्हणून बोलला. मला त्याच्या ओल्या डोळ्यांचा राग आला. त्याने निदान एवढं तरी सांगायचं होतं, ‘मी लिहिलं ते खोटं होतं.’ सगळे गेल्यावर वहिनी चहा घेऊन समोर बसल्या. त्यांनी खाली बघतच विचारलं, “भाऊ, ते बॅकडोर म्हणजे चोरीच ना? मला तेव्हा कुणीतरी मोबाइलवर दाखवलं होतं.”

मी चहा संपवून कप बशीवर उपडा घातला. म्हटलं, हे घर. बॅकडोर म्हणजे कुणाला न सांगता मागच्या भिंतीला पाडलेलं भोक. मिलिंदकडे होती ती पुढच्या दाराची किल्ली. मालकच तो. किल्ली माझ्याकडे आहे, लबाडी केली तर बाहेर काढीन, हे येणाऱ्या प्रत्येकाला तो दारातच सांगायचा. वहिनी कपाकडे वाकून पाहू लागल्या.

“एवढंच होतं? मग मला का नाही दाखवलं त्यांनी?”

“तो आरोप तुमच्यापर्यंत पोचलाय, हे त्याला कळलं होतं?”

“नाही… मी विचारलंच नाही. खरं निघालं असतं तर?”

परवा पुन्हा जाऊन आलो. कप अजून तसाच उपडा आहे, आणि वहिनी त्याच्या भोवतीने टेबल पुसतात.