शुभदाताईंची दुसरी खुर्ची

सहा वर्षांनी रघूचा फोन आला, तोही सकाळी सकाळी. नाव बघून मी आधी उचललाच नाही. पुन्हा वाजला तेव्हा "काय आहे?" म्हणून खेकसलो. तो म्हणाला, "दिगू, शुभदाताई गेल्या रे." तो ताईंच्या चेंबूरलाच राहतो, त्याला आधी कळलं होतं. मी साकीनाक्याच्या गाळ्यात मशीन बंद करून बसून राहिलो.

त्याला आता महिना होईल. ताई वकील होत्या. आठवडाभर हायकोर्टात कंपन्यांची भांडणं लढायच्या. करार मोडलेले, भागीदाऱ्या फुटलेल्या. भलेभले त्यांच्यापुढे चळचळा कापायचे. आणि रविवारी मात्र त्यांच्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपाशेजारच्या खोलीत फुकट सल्ला द्यायला बसायच्या. माहुलच्या कोळणी बाजारातल्या जागेचे कागद घेऊन यायच्या, आमच्यासारखे लेथवाले यायचे. कोळणी नको नको म्हणताना सुकट ठेवून जायच्या. "सोमवारी कोर्टात फाईल उघडली की सुकटीच्या वासाने सगळ्यांना भूक लागते," म्हणून ताई खदाखदा हसायच्या.

मी पहिल्यांदा गेलो तो रघूच्या नावाने दातओठ खात. एका चाळीत वाढलेले आम्ही, भागीदारीत गाळा घेतलेला, आणि हा पठ्ठ्या बाटल्यांच्या झाकणांचे आमचे साचे उचलून दुसरीकडे घेऊन गेला होता. आत शिरलो आणि हेल्मेट समोरच्या खुर्चीवर ठेवलं.

"उचल ते. ती रिकामी नाहीये."

"कोण बसलंय?"

"रघू."

ताईंची ही पद्धतच होती. भांडण कुणाचंही असो, विरुद्ध बाजूची खुर्ची मांडलेली असायची. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता तिकडे बस. रघू होऊन सांग." कसली नाटकं ही! पण बसलो, आणि तोंडून निघून गेलं, "दिग्याने मला न विचारता साच्यांवर एकट्याचं नाव कोरून घेतलं." हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ताई रागावल्या नाहीत. पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, एवढंच.

त्यांनी कोर्टात न जाता समझोता घडवला. साचे वाटून घेतले, रघूच्या सह्या त्याच्या वकिलामार्फत झाल्या. बोलणं मात्र तुटलं ते तुटलंच. भेटायचो तेव्हा ताई विचारायच्या, "रघूला सांगितलंस?" शेवटचं हॉस्पिटलमध्ये भेटलो तेव्हाही तेच. "कागदाचं माझं काम होतं, ते मी केलं. उरलेलं तुझं आहे, दिगू." मी म्हटलं, "बघतो." बघतो काय, कपाळ! त्या वाट बघत गेल्या, आणि मी हेकटासारखा बघतच राहिलो.

परवा त्या खोलीत आम्ही सगळे त्यांच्यासाठी जमलो. कोळणी रडत होत्या, मीही रडलो, लाज कसली त्यात. माणसं पांगली तेव्हा रघू दारात दिसला. केस पार पिकलेत त्याचे. ही खोली त्याने कधी पाहिलीच नव्हती. आत आला आणि हातातलं हेल्मेट सरळ त्या खुर्चीवर ठेवायला गेला.

"उचल ते," मी ओरडलो. "ती रिकामी नाहीये."

तो दचकला. "का रे... कोण बसलंय?"

"तू," मी म्हटलं. "नाव मीच कोरलं होतं रघू, तुला न विचारता. चुकलो रे."

तो हेल्मेट मांडीवर घेऊन खुर्चीत बसला.