बातम्यांच्या आधीची धून

खुटबावच्या गोकुळ आप्पांचा ब्यांजो ऐकायच्या आधी त्यांचा थाट बघावा. शर्टाला कडक इस्त्री, मिशीला तेल, आन् ब्यांजो टर्किशच्या टॉवेलात असा गुंडाळलेला की कुणालाबी वाटावं, आत बाळ झोपलंय. सुवर्णाकाकू, म्हंजी त्यांची बायको, चारचौघांत बोलून दाखवते, "माझ्या तेजश्रीला बारक्यापणी असं एकदाबी गुंडाळलं न्हाई ह्या माणसानं!"

आता ब्यांजो म्हंजी आपल्याकडच्या मिरवणुकीतला हो. लांबट खोका, वर टाईपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्यानं तारा छेडायच्या, आन् आवाज जाणार कर्ण्यातनं पार शिवाराच्या टोकाला. आप्पांनी तो विसाव्या वर्षी मजुरी साठवून घेतला. पुढं कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर नोकरी लागली, तरी पार्टी काय सुटली न्हाई. लग्नाची सुपारी आली की हे चालले शिफ्ट बदलून घ्यायला. सुपरवायझर वैतागून म्हणायचा, "गोकुळ, तू बॉयलर सांभाळतो का तालुक्याची लग्नं?"

"साहेब, प्रेशर दोन्हीकडं सारखंच हाय," हे वर तोंड करून सांगायचे.

हळद असू दे, वरात असू दे, न्हाईतर चौदा एप्रिलची मिरवणूक, गोकुळ ब्यांजो पार्टीची एक धून ठरलेली. तिला शब्द न्हाईत. कुठल्या पिक्चरची न्हाई. लोक तिला 'बातम्याची धून' म्हणतात, आन् त्याला कारण हाय.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर साली स्टँडसमोरच्या हॉटेलात रेडिओ असायचा. सोळा वर्षांचा गोकुळ कामावर निघायच्या आधी तिथं एक चहा घेऊन तासभर बसायचा. मालक कपाकडं बघायचा, हा रेडिओकडं. सकाळच्या बातम्यांना दोन-तीन मिनिटं उरली की रेडिओवाले नुसती वाजवलेली धून लावायचे. त्यात ही गिटारवरची आठवड्यातनं दोनदा तरी यायची. गोकुळच्या अंगावर काटा यायचा. पण रंगात आली की बाईचा आवाज, आता ऐका बातम्या. धून खलास! रोज तिथंच, फार तर चार पावलं मागंपुढं. शेवट काय कधी कानावर पडला न्हाई.

मग आप्पांनी ब्यांजोवर बसवली ती तेवढीच. पैल्याच मिरवणुकीत ती मध्येच कचकन् थांबली, तशी नाचणारी पोरं जिथल्या तिथं उभी राहिली. कुणाचा हात वर, कुणाचा पाय अधांतरी. ढोलकीवाल्या ज्योतिबाला वाटलं, हे झकास हाय. त्यानं मनात दहा आकडे मोजले आन् पुन्हा पैल्यापासनं थाप टाकली. झालं, तवापासनं तोच रिवाज. थांबा आला की हालायचं न्हाई. जो हालला त्यानं जनरेटरची गाडी ढकलायची. आज ज्यांच्या पोटाला पट्टा पुरत न्हाई, त्या मोठमोठ्या माणसांनी ती गाडी ढकललीय.

असं सगळं सुखात चाललं होतं. यंदा शिरूरच्या सत्यजीतचा फोन आला. तिशीतला पोरगा, स्वतःचा ऑर्केस्ट्रा हाय त्याचा, कीबोर्ड वाजवतो. जुन्या काळच्या बिनशब्दांच्या धुनांचा कार्यक्रम ठेवला होता, रविवारी चार वाजता, शिरूरच्याच एका मंगल कार्यालयात. "आप्पा, शेवटची धून तुमची. तुमच्या मागं माझी सगळी पार्टी वाजवणार."

आप्पांची छाती अशी फुगली की सुवर्णाकाकूनं शर्टाची बटणं तपासली.

तालमीला तेजश्री त्यांना गाडीवर घेऊन गेली. वाजवायला सुरुवात झाली, सत्यजीतची पोरं मागनं साथीला लागली, काय रंग भरला! आन् थांब्यावर आप्पांनी हात उचलला. बाकीचे आपले पुढं वाजवत राहिले आन् एकमेकांवर आपटल्यासारखे गप झाले.

"आप्पा, पुढं?" सत्यजीतनं इचारलं.

"पुढं काय? झाली की."

"न्हाई ओ, अजून तिसरा भाग हाय." त्यानं मोबाईल काढून लावला. साठ सालच्या सुमाराची कुठल्या तरी विलायती पार्टीची धून. थांबा आला, गेला, आन् धून सरळ पुढं. वर चढली, गोल फिरून खाली आली, हळूहळू विझली.

आप्पांनी ऐकलं. टॉवेल उचलला, ब्यांजो गुंडाळला. येताना गाडीवर नजर नुसती टॉवेलाकडं. एरवी हा माणूस सिग्नलवर शेजारच्या गाडीवाल्याशी सोयरीक जुळवतो!

घरी येऊन खाटंवर बसले आन् म्हणाले, "सेहेचाळीस वर्सं मी लोकांना अर्धीच धून वाजवून दाखवली. येडा ठरलो मी."

"अवो, लोक ती पुरी समजूनच नाचले ना?" काकू म्हणाली.

"तेच तर! माझ्यापायी सगळा तालुका येडा ठरला."

काकूला हसू आवरंना, पण ह्यांचं तोंड बघून ती आत गेली. खरंच लागलं होतं त्यांना. नाव जे होतं ते ह्या एका धुनेवर, आन् तीच अपुरी निघाली.

चार दिवस तेजश्रीचा मोबाईल ह्यांच्या कानाला. बोटं सहासष्ट वर्षांची, तिसऱ्या भागात बटणं झरझर पडेनात. पण माणूस हट्टी. शनिवारी संध्याकाळी ती पुरी बसली. "उद्या बरोबर वाजवणार," ते म्हणाले, "थांबा न्हाई. आता चुकायचं न्हाई."

"ज्योतिबाभावजींना सांगितलं का?"

"सांगितलं. तो म्हणला, मेलो तरी थांबणार न्हाई."

रविवारी कार्यालय भरलं. पुढं शिरूरची मंडळी, व्यापारी, मास्तर, बँकेतले. मागं खुटबावची दोन टेम्पो माणसं, हळदीला निघाल्यासारखी. शेवटी आप्पा बसले, शेजारी ढोलकीवर ज्योतिबा. धून चालू झाली. थांब्याची जागा आली, मागली माणसं सवयीनं उभी राहून ताठ झाली, आन् धून त्यांना तशीच सोडून पुढं गेली! हात वर केलेली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आप्पांनी मान वर न करता तिसरा भाग काढला, एक बटण घसरलं तेवढंच, शेवट गोल फिरवून खाली आणला. पुढल्या खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या. सत्यजीत म्हणाला, "परफेक्ट, आप्पा!"

मागनं मात्र एक टाळी न्हाई. मग जाईबाई उठली. ऐंशीची म्हातारी, आवाज मात्र कर्ण्याला लाजवणारा.

"गोकुळ, ही कुणाची वाजवली रं?"

"आत्या, हीच खरी हाय. आपली अपुरी होती. बातम्या लागायच्या, म्हणून मला पुढची ठावंच नव्हती." माईक चालू होता. आख्ख्या कार्यालयानं ऐकलं. आप्पांचे कान लाल झाले.

"ठावं न्हाई तर न्हाई!" जाईबाई म्हणाली. "माझ्या लेकाच्या वरातीत थांब्याला नवरदेव घोड्यावर हात वर करून बसला होता. ती वाजीव. ही त्या लोकांची हाय, त्यांना असू दे."

"आपली! आपली वाजवा!" दोन टेम्पो एकदम ओरडले.

आप्पांनी सत्यजीतकडं बघितलं. त्यानं हसून मान हलवली आन् पोरांना दबक्या आवाजात सांगितलं, "आप्पांच्या हाताकडं बघा. हात उचलला की मेलात तरी हालायचं न्हाई."

पुन्हा धून चालू झाली. आता मागली माणसं खुर्च्या सारून नाचत होती, आन् पुढल्या ओळीत एका मास्तरचा पाय हालायला लागला. थांबा आला. आप्पांनी हात उचलला.

सगळं कार्यालय जागच्या जागी. सत्यजीतचे दोन्ही हात कीबोर्डवर अधांतरी, बँकेतला साहेब अर्धा खुर्चीतनं उठलेला. ज्योतिबा मनात मोजत होता. दहा झाले, तरी आप्पांनी काय हात खाली घेतला न्हाई. दुसऱ्या हातानं पाण्याची बाटली उचलली, दोन घोट सावकाश पिले, मिशी पुसली, आन् एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत एकेकाचं तोंड निवांत बघत बसले.