वेस्टनचा समुद्र घरी नव्हता

स्लाऊमध्ये राहणाऱ्या अर्चना गावंडेला कशाचंच कौतुक नाही. नवरा मुरलीधर दर शनिवारी तिला आणि लेकीला, अक्षराला, गाडीत घालून इंग्लंड दाखवायला नेतो. राजवाडा असो की किल्ला, "त्यात काय एवढं?" म्हणत ती पोळीभाजीचा डबा उघडते. आम्ही नागपूरची माणसं उगाच भुलत नाही, असं तिचं म्हणणं.

समुद्र मात्र तिने कधी जवळून पाहिला नव्हता. म्हणून गेल्या शनिवारी तिघं वेस्टन या समुद्रकाठच्या गावी गेली. समुद्राला वाहायला तिने नारळही घेतला. पोचून पाहतात तर समुद्रच नाही! नजर जाईल तिथवर नुसता चिखल.

"अहो, इतक्या लांबून आलो आणि हा घरी नाही?" अर्चना भडकली. ओहोटी ती शाळेत शिकली होती, पण ओहोटीत अख्खा समुद्र निघून जातो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. नारळ मांडीवर घेऊन ती चटईवर हटून बसली. बापलेक चिप्स खाऊन आले, तरी जागची हलली नाही.

दुपार कलली तशी दूरवर एक चकाकती रेघ उमटली. बघता बघता रेघेचं पाणी झालं आणि आवाजही न करता सगळा चिखल झाकत थेट तिच्या चटईपर्यंत आलं. अर्चनाने चपला काढल्या. वाकून पाण्याला हात लावला, तो डोळ्यांना लावला. नारळ वाहायचंही तिला सुचेना.

"त्यात काय एवढं?" मुरलीधरने चिडवलं.

"गप्प बसा हो," ती कुजबुजली. "तो आलाय."