दोरीपलीकडची चूल

संग्रहालय बघायला आलेल्या माणसाला आधी गूळ-पाणी द्यायचं, तिकिटाचं मग बोलायचं, ही शेवंताआक्कांची रीत. तिकीट फाडायला मी बसलेला असायचो, तरी माझ्याआधी आक्कांचा तांब्या पुढे व्हायचा. "घरी आलेल्या मानसाकडं आधी पैसं मागत्यात व्हय?" असं वर मलाच ऐकवायच्या.

पारनेरजवळच्या आमच्या गावातलं हे घर त्यांच्या सासऱ्यांचं. जत्रेतल्या नाटकांचे पडदे ते रंगवायचे. त्यांनी काढलेला राजवाडा बघताना लोक नाटक विसरायचे म्हणे. आक्कांना मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर पडदे उंदरांच्या तोंडी जाऊ नयेत म्हणून त्यांनी घर संग्रहालयासाठी एका ट्रस्टला दिलं आणि स्वतः मागच्या खोलीत राहिल्या. मागणं एकच होतं, घर घरासारखं राहू द्या.

ट्रस्टने ते मनावर घेतलं. सगळं हुबेहूब जुन्यासारखं मांडलं. सासऱ्यांची बाज, रंगाच्या वाट्या, आणि स्वयंपाकघरात आक्कांचीच चूल, आक्कांचीच काठवट. पुढे दोरी बांधली, 'शेवंताआक्कांची चूल' अशी पाटी लावली. आक्कांना मागे गॅसची शेगडी दिली. पाटीकडे बघून त्या हसायच्या. "मी मेल्यावर लावायची पाटी, ह्यांनी लई घाई केली," म्हणायच्या.

मग सासऱ्यांचं पित्र आलं. सकाळीच स्वयंपाकघरातून धूर निघाला. बघतो तर आक्का दोरी ओलांडून चुलीपुढे बसलेल्या, पातेल्यात खीर रटरटत होती. मामंजींचा नैवेद्य शेगडीवर कसा करायचा, असं त्यांचं म्हणणं. नेमके त्याच दिवशी ट्रस्टचे साहेब आले. माणूस भला. हळू आवाजात समजावत राहिले की पडदे जुने आहेत, धुराने रंग जातील, एखादी ठिणगी उडाली तर काहीच उरणार नाही. खोटं काहीच नव्हतं त्यात. आक्कांनी ऐकून घेतलं, लाकडं बाहेर ओढली, त्यांवर पाणी मारलं. मग म्हणाल्या,

"साहेब, चूल पेटत न्हाई ती मयताच्या घरी. माझ्या घरात कोन मेलं हाय, तेवढं सांगा."



त्यानंतर आक्का पुढच्या दारी येईनाशा झाल्या. मी तांब्या भरून ठेवायचो, तो तसाच राहायचा. मला फार वाईट वाटायचं. पण पडदे जळाले तरी चालतील, असं मी तरी कुठल्या तोंडाने म्हणणार? ते वाचावेत म्हणून तर त्यांनी घर दिलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात मागच्या खोलीत आक्का झोपेतच गेल्या. गावाने सगळं रीतसर केलं. दुपारी शेजारची यमुनाबाई पिठलं-भाकरी फडक्यात बांधून दारात आली. मयताच्या घरी शेजाऱ्यांनी अन्न न्यायचं, तसं तिने आणलं होतं. पण घरात खाणारं कोणीच नव्हतं.

"कोनाला देऊ भाऊ हे?" तिने विचारलं.

मी फडकं हातात घेतलं, दोरी ओलांडली आणि आक्कांच्या चुलीपाशी जाऊन बसलो. घरातल्या कोणीतरी खायला हवं होतं.