चार घरांचं अक्षर

"जागा धरलीस का आधी?" असं विचारून काका चार बोटं वर करायचे. कुणी संगणकाच्या सी भाषेत मराठी नाव कॉपी करायचा कोड लिहायला बसला, की ही बोटं त्याच्या पडद्यासमोर आलीच म्हणून समजा.

राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात दूध डेअऱ्यांच्या पावत्यांचं सॉफ्टवेअर बनतं. ते वयानं सगळ्यांत मोठे, म्हणून आम्ही त्यांना काका म्हणायचो. इंग्रजी अक्षराला मेमरीत एक घर पुरतं, आमच्या मशीनवर मराठीला चार लागत. नाव कॉपी करण्याआधी तेवढी जागा राखायची, नाहीतर नावाची शेपटी शेजारच्या नावात घुसते. हे करून देणारं तयार फंक्शन त्या जुन्या मशीनवर नव्हतं, म्हणून काकांनी स्वतःच लिहिलं होतं.

एकाच गोष्टीपायी जगाशी वाकडं घेणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काकांची गोष्ट म्हणजे पावतीवरचं मराठी नाव. दूध घालायला येणाऱ्या कितीतरी बायका शाळेत धड गेलेल्या नसतात, पण आपलं नाव ओळखतात. जिचं दूध तिला पावती वाचता आली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आमच्या ऑफिसचे मालक अधूनमधून म्हणायचे, इंग्रजी सोपी पडेल. काका ऐकून न ऐकल्यासारखं करून चहा मागवायचे.

गेल्या वर्षी त्यांनी ते फंक्शन नव्यानं लिहिलं आणि अक्षरांची संख्या चारनं गुणायला स्वतःच विसरले. कसे, ते त्यांनाही कधी सांगता आलं नाही. आम्ही तपासलं तेही आमच्याच घरच्या नावांनी. उषा, बाळू, असली आखूड नावं. मशीन मागितल्यापेक्षा थोडी जागा जास्तच देतं, त्यात ती निभावून गेली. मग कागलजवळच्या एका गावात एका बाईच्या पावतीवर तिच्या नावापुढं शेजारणीच्या नवऱ्याचं नाव छापून आलं. गाव पोट धरून हसलं. तिचा नवरा मात्र डेअरीच्या दारात येऊन उभा राहिला. मशीन उचलून न्या, असा चेअरमनचा फोन मालकांना आला.

काकांनी चूक लगेच शोधली. एका ओळीची दुरुस्ती होती. ती करूनच ते मालकांकडे गेले, मी सोबत होतो. मालकांनी दुरुस्ती बघितलीच नाही. सगळीकडं इंग्रजी टाका म्हणाले.

"चूक माझी हाय," काका म्हणाले. "मराठीला कशाला शिक्षा? मला काढा की."

मालकांनी त्यांना काढलं नाही. मराठी काढली.

त्यानंतरही काका रोज यायचे, पण कुणाच्या खुर्चीमागं थांबायचे नाहीत. मला ते बघवेना. एकदा मी मुद्दाम जागा कमी धरून लिहिलं आणि त्यांना बोलावलं. त्यांनी पडद्याकडं नुसतं पाहिलं.

"चालतंय की," म्हणाले. "आता इंग्रजीच हाय. एक घर पुरतंय."

उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. त्यांनी दुरुस्त केलेली ओळ अजून आमच्याकडं आहे. ती चालू करा म्हणायला मी दोनदा मालकांच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. उपयोग नाही, हे मला माहीत आहे.

परवा कागलजवळच्या त्याच डेअरीत मशीन बघायला गेलो होतो. दूध घालून झालेल्या एका म्हातारीनं पावती माझ्यापुढं धरली.

"पावणं, ह्ये माझंच हाय न्हवं?"

मला तिचं नाव ठाऊक नव्हतं. मी व्हय म्हटलं, आणि तिनं पावती कनवटीला खोचली.