उत्तराची ओळ एकच

काचवाल्याने उभ्या आयुष्यात माप कधी कागदावर लिहून घेतलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, खिडकीच्या चौकटीला टेप लावायचा, आकडा डोक्यात ठेवायचा आणि दुकानात येऊन काच कापायची. सूतभर इकडचं तिकडे होत नसे. त्यामुळे शाळेच्या खिडकीची काच चार बोटं आखूड निघाली, तेव्हा त्याने टेपला शिव्या घातल्या. दुसऱ्यांदा निघाली तेव्हा त्याने टेप तपासून पाहिला. तिसऱ्या वेळी तो अर्ध्या वाटेवरून पुन्हा माप घ्यायला गेला आणि एका दारासमोर उभा राहिला, तर ते दार कुणाचं हेच त्याला कळेना. मिनिटभराने कळलं. पण ते मिनिट मात्र तो विसरला नाही.

काचांचं त्याला एवढं नव्हतं. काच पुन्हा कापता येते. त्याचा जीव अडकला होता स्तोत्रांत.

त्यांच्या चर्चमध्ये ऑर्गन नव्हता की पेटी नव्हती. एकाने पुढे उभं राहून स्तोत्राची ओळ गायची आणि मंडळींनी ती उचलायची, अशी तिथली रीत. पुढे उभा राहणारा हातात पुस्तक घेत नसे. तसा नियम कुणी केला नव्हता. पण काचवाल्याच्या वडिलांनी कधी घेतलं नाही आणि एकतीस वर्षांत त्यानेही नाही. दीडशेच्या दीडशे स्तोत्रं तोंडपाठ. माणूस तसा तापट, शेजाऱ्यांशी पाण्यावरून भांडणारा, जावयाला नावं ठेवणारा. पण स्तोत्राला उभा राहिला की मागच्या बाकावरची तान्ही पोरंसुद्धा रडं विसरायची. त्याच्या हाती एवढी एकच गोष्ट अशी होती, की जी दुसऱ्या कुणाच्या हाती नव्हती.

आता रोज सकाळी तो नाश्त्याची भांडी विसळायचा आणि बायको पुस्तक उघडून त्याची परीक्षा घ्यायची. एके दिवशी तो ओळीच्या मधेच थांबला. हातात बशी, नळ चालू, आणि पुढे काही नाही. बायकोने उठून नळ बंद केला.

"अहो, पुस्तक घ्या ना हातात. कोण काय म्हणणार आहे?"

"पुस्तक घेतलं की विचारतील."

"सांगा, नवा चष्मा लागलाय म्हणून."

"चष्म्याने पाठांतर जातं होय? वा! डॉक्टरच झालीस."

ती हसली, तोही हसला. मग त्याला बशी कुठे ठेवायची ते आठवेना, आणि दोघांचंही हसू जागच्या जागी थांबलं.

त्याला खरी धास्ती चर्चच्या पाळकांची होती. पाळक भला माणूस, त्याचीच तर पंचाईत. ओरडणारा असता तर याने चार शब्द ऐकवले असते. हा मात्र खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणेल, "दादा, आता जरा विश्रांती घ्या." त्यानंतर रविवारी कुठे बसायचं, बसून काय करायचं, हे काही केल्या काचवाल्याला सुचेना.

मग त्याला युक्ती सुचली. एकशे छत्तिसावं स्तोत्र! त्यात मंडळी त्याची ओळ उचलत नाहीत. त्याच्या प्रत्येक ओळीला त्यांचं एकच उत्तर असतं, की देवाची दया कधी सरत नाही. सव्वीस ओळी, सव्वीस वेळा तेच उत्तर. म्हणजे अर्धं ओझं मंडळींच्या डोक्यावर. शिवाय सगळं गोष्टीसारखं ओळीने येतं: आधी आभाळ, मग जमीन, सूर्य, चंद्र, मग दुभंगलेला समुद्र, वाळवंट, हरलेले राजे. गोष्ट कोण विसरतो? त्याने पाळकांना सांगून येत्या रविवारसाठी तेच ठरवून घेतलं.

घरी चार दिवस घोकलं. राजांपर्यंत गाडी सुरळीत यायची आणि त्यानंतरची ओळ हमखास निसटायची. पडत्या काळात देवाने आमची आठवण ठेवली, ती ओळ.

"नेमकी आठवणीचीच खाल्लीत," बायको म्हणाली आणि उगाच कपाट आवरायला लागली.

रविवारी तो पुढे जाऊन कठड्यापाशी उभा राहिला. आवाज लागला, छान लागला. आभाळ झालं, मंडळींनी उत्तर दिलं. जमीन झाली, उत्तर आलं. सूर्य. चंद्र. समुद्र दुभंगला. काचवाल्याला हलकं वाटलं, आणि तिथेच घात झाला. उत्तर संपलं आणि आपण आत्ता कोणती ओळ म्हटली हेच त्याला आठवेना.

एरवी मंडळी त्याचीच ओळ म्हणायची, त्यांच्या तोंडून त्याला वाट कळायची. इथे उत्तर सगळीकडे सारखंच. ते आभाळानंतरचं होतं की समुद्रानंतरचं, कसं ओळखायचं? आपणच शोधलेल्या युक्तीने आपला गळा धरला हे त्याच्या ध्यानात आलं. थांबणं तर शक्यच नव्हतं. त्याने सूर्य म्हटला. उत्तर आलं. चंद्र म्हटला. उत्तर आलं. पण पाळकांचं बोट पुस्तकात वर सरकताना त्याला दिसलं. दुसऱ्या बाकावर बायको गात नव्हती. तिने पदर तोंडावर दाबून धरला होता.

म्हणजे हे होऊन गेलं होतं. किती वेळा? दोनदा? चारदा? ही माणसं कधीपासून मुकाट्याने त्याच्यामागून फिरत होती? त्याने बायकोकडे पाहिलं आणि तिला विचारायला तोंड उघडलं. साधंच विचारायचं होतं त्याला. पण एकतीस वर्षांची सवय, त्या जागेवरून गळ्यातून दुसरं काही निघायचंच नाही. प्रश्न चालीतच बाहेर पडला.

"मी कुठवर आलो?"

मंडळींनीही सवयीनेच, विचार करायच्या आत उत्तर दिलं: त्याची दया कधी सरत नाही.

मग सगळ्यांच्या लक्षात आलं. कुणीतरी खोकलं. पाळकांनी पुस्तक मिटलं. काचवाल्याला वाटलं, आता ते उठतील, खांद्यावर हात ठेवतील. त्यांनी उठायच्या आत त्याने श्वास घेतला.

"मला आठवत नाही," तो गायला.

उत्तर आलं नाही. मग बायकोने पदर खाली घेतला आणि एकटीने ती ओळ म्हटली, बेसूर. तिच्या मागून एक बाक, मग दुसरा, मग सगळे. पाळकही.

घरचा रस्ता उद्या आठवेल की नाही, हिचं नाव परवा आठवेल की नाही, काहीच सांगता येत नव्हतं.

"मला फार भीती वाटते," तो गायला, आणि दोन्ही हातांनी कठडा धरून उत्तराची वाट पाहत राहिला.