न दुखलेला काटा

सिन्नरहून नाशिक, नाशिकहून बोईसर, अशी एसटी धरून निघाले. जव्हारच्या घाटात गाडी वळणावळणाला हेलकावत होती, पण मांडीवरचा पेढ्यांचा डबा काही सोडला नाही. बोईसरला कारखान्यातल्या पोरांची हिंदी ऐकत ऐकत समुद्राकाठच्या दांडी गावाची रिक्षा धरली. दारात विहीणबाई उभ्या होत्या. माझ्या लेकीच्या सासूबाई, बोईसरच्या बाजारात मासळी विकतात.

जेवायला बोंबलाचं कालवण नि तांदळाची भाकरी. मला साखर आहे, म्हणून अर्धीच घेतली. तर विहीणबाई म्हणतात, घाटावरची माणसं भाकरीला भितात होय!

हात धुताना त्यांच्या डाव्या पायाची चिंधी दिसली. शिंगाळा माशाचा काटा रुतला होता, जखम आतून ओली. सांगताना मात्र तोरा. "या काट्यानं होडी हाकणारा तांडेलसुद्धा रडतो. मला दुखलंच नाय."

माझ्या अंगावर काटा आला. साखरेनं बधिर झालेला पाय मी माझ्या धाकट्या जावेचा बघितलाय, नंतर तो कापावा लागला. म्हटलं, गावच्या आरोग्य उपकेंद्रात चला.

"तिकडं पोटुशा बाया नि लशीची पोरं. मी म्हातारी काय करू? नि सकाळी बाजार हाय."

लेक म्हणाली, आता तिथं साखर, रक्तदाबही बघतात, आणि कोळणींनी मागणी केल्यापासून आठवड्यातून एकदा दुपारी, बाजार उरकल्यावर. आज तोच वार. तरी बाई हलेनात. मग मी म्हटलं, मलाच तपासायचंय, जाते एकटी. आता पाहुण्या विहिणीला एकटी कशी धाडणार? निघाल्या गुपचूप.

माझं झाल्यावर त्यांचं बोट पुढे केलं. साखर भरपूर निघाली. नर्सताईंनी त्यांना डोळे मिटायला लावले, तळव्याला दोरा टेकवला नि विचारलं, कळतंय का?

"लाव तर आधी," विहीणबाई म्हणाल्या.

दोरा केव्हाचा टेकलेला होता. डोळे उघडून त्यांनी तो बघितला आणि माझा हात धरला.

ताईंनी तिथूनच डॉक्टरांना पडद्यावर जखम दाखवली, दुसऱ्या दिवशी पालघरच्या दवाखान्यात धाडलं. उशीर झाला असता तर पाय गेला असता, तिथले डॉक्टर म्हणाले. जखम भरत आली तेव्हाच मी परत निघाले. पेढे दुसऱ्याच दिवशी नर्सताईंकडे धाडले होते, आम्हा दोघींना आता काय उपयोग!

आमच्या वेळी बाळंतपण सुखरूप झालं की दवाखान्याचं काम संपायचं. आता माणसं जगतात पुष्कळ, आजार सोबत घेऊन जगतात. दवाखान्यानं माणसांची वेळ बघून दार उघडलं, तर माणसं येतात. मी हे डोळ्यांनी बघून आलेय.

विहीणबाई रिक्षापर्यंत सोडायला आल्या, नव्या चपला घालून. जन्मभर अनवाणी फिरलेल्या बाई, कुरकुरत होत्या.

"उजवी चावते."

"आणि डावी?"

"तिचं कळत नाय. म्हणून तो पाय रोज डोळ्यांनी बघते."